कुरईच्या घाटातली सात मिनिटं

माझा दादा मोठा की उमरेडवाला मोठा, या वादापायी आमच्या गल्लीतले माग तासतासभर बंद राहत. इतवारीच्या मागच्या अंगाला आम्हा कोष्ट्यांची ती गल्ली. घराघरात खड्डामाग, दिवसभर धोट्याची खटखट. ती खटखट थांबली की समजावं, कुणीतरी ओट्यावर येऊन बसलं आहे आणि त्यानं सायकलचा विषय काढला आहे.

ती शर्यत आता कुणाला आठवत नसेल. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या भागातल्या एका व्यायामशाळेनं सुरू केली होती. नागपूरहून सायकलनं जबलपूरला जायचं आणि परत यायचं. चार टप्पे. पहिल्या दिवशी नागपूर ते सिवनी, दुसऱ्या दिवशी सिवनी ते जबलपूर, मग एक दिवस विसावा, आणि तसंच उलट. प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी मोजायची, आणि चारही टप्प्यांची बेरीज ज्याची सगळ्यात कमी, त्यानं शर्यत जिंकली. म्हणजे टप्पा जिंकणं वेगळं आणि शर्यत जिंकणं वेगळं. सगळा वाद इथूनच निघायचा. तेव्हा आम्ही आणि जबलपूरवाले एकाच प्रांतात होतो, आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी होतं. लोकांना वाटे, हा आपल्याच घरातला रस्ता आहे. सहा हिवाळे ही शर्यत झाली.

शर्यतीची अशी वेगळी सायकल कुणाकडेच नव्हती. रोजचीच काळी, जड सायकल. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी सगळं उतरवायचं, जास्तीची एक ट्यूब खांद्यावरून आडवी अडकवायची, खिशात गूळ आणि फुटाणे, आणि निघायचं.

दादा बुटका, रुंद छातीचा. लहानपणापासून मागाच्या पावड्या पायांनी दाबून त्याच्या मांड्या नुसत्या लोखंडासारख्या झाल्या होत्या. त्याचा स्वभावही तसाच, एकदम उसळणारा. कामठीचा पूल येईस्तोवर तो सगळ्यांच्या पुढे असे. जिंकला तर दहा-दहा मिनिटांनी जिंके, आणि फसला तर पुरताच फसे. दोनदा तो शर्यत अर्ध्यात टाकून मोटारीनं परत आला, आणि आठ-आठ दिवस कुणाशी बोलला नाही.

उमरेडवाले उंच, सडपातळ. उमरेडच्या अलीकडच्या एका खेड्यात त्यांच्या घरची शेती होती. सायकलवर बसले की पाठ जराशी वाकवून जे बसत, ते उतरेपर्यंत हलत नसत. वारा असो, चढ असो, चाल एकच. टप्पा जिंकायची त्यांना घाई नसे. आज तिसरे, उद्या दुसरे, परवा पुन्हा दुसरे. आणि चौथ्या टप्प्यानंतर बेरीज मांडली की नाव सगळ्यांच्या वर. सहा वर्षांत त्यांनी एकही शर्यत अर्धी सोडली नाही.

या सगळ्या वेळांची वही माझ्याकडे कशी आली तेही सांगते. व्यायामशाळेच्या भिंतीवर काळा फळा होता. सिवनीहून, जबलपूरहून तार आली की कुणीतरी खडूनं त्यावर नावं आणि वेळा लिही. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यांना फळा दिसत नसे. शर्यतीचं ते पहिलंच वर्ष, मी सातवीत होते. बाबा म्हणाले, "जाय वं, लिहून आण, अन् मले वाचून दाखव." मी शाळेची एक जुनी वही घेऊन गेले. त्या वर्षापासून ते कामच माझं झालं. शर्यत संपली की वाटेवरच्या चौक्यांमधून स्वयंसेवकांचे कागद येत. कोण कुठल्या चौकीवरून किती वाजता गेला, हे त्यात लिहिलेलं असे. ते कागद फळ्याशेजारी चिकटवत. वाचत कुणीच नसे. मी मात्र तेही उतरवून घेई. का, ते सांगता येणार नाही. मला त्या गावांची नावं लिहायला आवडत. मनसर, देवलापार, खवासा, कुरई, लखनादोन. मी नागपूरच्या बाहेर फक्त मावशीकडे उमरेडला आणि एकदा रामटेकच्या जत्रेला गेले होते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी उमरेडवाले आमच्या घरी येत. सकाळी निघून अठ्ठावीस मैल सायकल मारत येत आणि मुक्काम आमच्याकडेच करत. ज्याला उद्या हरवायचं, त्याच्याच घरी जेवायचं, याचं गल्लीला भारी नवल वाटे. पहिल्या वर्षी दादाशी त्यांची ओळख झाली ती परतीच्या वाटेवर, एकाच झाडाखाली दोघे ट्यूब जोडत बसले होते तेव्हा. त्यानंतर ते आमच्याच घरचे झाले. येताना शेतातलं काही ना काही आणत. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा टहाळ, कधी वांगी. माय चुलीपाशी बसून त्यांना गरम भाकर वाढी, आणि ते खाली मान घालून जेवत.

जेवण झालं की म्हणत, "वही दाखव वं बाई."

मी वही देई. ते प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवून सावकाश वाचत. आपले आकडे वाचताना थांबत नसत, दादाचे वाचताना थांबत. "एवढ्या वाऱ्यात हा माणूस एवढ्या लवकर लखनादोनले कसा गेला गा?" म्हणून हसत.

आणि मी विचारी, "लखनादोन कसं आहे?"

मग ते सांगत. सुरुवातीला चार शब्दांत, पुढे पुढे सविस्तर. कुठं सागाचं रान सुरू होतं, कुठल्या उतारावर डोळ्यांत पाणी येतं, कुठल्या गावच्या बाया विहिरीवरून हात करतात, नर्मदेच्या पुलावर थंडी कशी बोटांत शिरते. मी कांड्या भरत बसलेली असे. रहाट फिरे आणि सूत कांडीवर गुंडाळत जाई, आणि मला वाटे की हा रस्ताच माझ्या हातून गुंडाळला जातो आहे. दादाला विचारलं तर तो म्हणे, "रस्ता म्हणजे रस्ता. त्यात काय सांगायचं?"

दादाच्या वयाचे म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायला हवं होतं. माय मला तसं सांगेही. मी कधी म्हटलं नाही. हाक मारायची वेळ आली की "ऐकून राहिले का?" एवढंच म्हणे. सहा वर्षं मी त्यांना कुठल्याही नात्यानं हाक मारली नाही. हे मायच्या लक्षात आलं असेल का, ते मला आजही ठाऊक नाही.

पाचव्या वर्षीची शर्यत सगळ्यांत अटीतटीची झाली. त्या डिसेंबरात उत्तरेकडून असा वारा सुटला होता की पहिल्या टप्प्यावर निम्मे लोक देवलापारलाच थांबले. सिवनीची तार आली तेव्हा फळ्यासमोर दोनशे माणूस जमलं होतं. दादा पहिला, उमरेडवाले पाच मिनिटं मागं. पुढच्या तीन टप्प्यांत त्यांनी एक मिनिट भरून काढलं, पण चार मिनिटं राहिलीच. दादानं शर्यत जिंकली. गल्लीतल्या बायांनी त्याला ओवाळलं. बाबांनी त्या वर्षीचे आकडे माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतले की ते त्यांना तोंडपाठ झाले. संध्याकाळी ओट्यावर बसून ते घोकत, "नागपूर ते सिवनी, पाच मिनिटांनी." जपमाळ ओढावी तसं.

उमरेडवाले त्या दिवशी आमच्याकडेच जेवले आणि नेहमीसारखी वही मागून घेतली. पहिल्या टप्प्याच्या पानावर बोट ठेवलं आणि लगेच पान उलटलं.

सहाव्या वर्षीची शर्यत झाली आणि पुढल्या नोव्हेंबरात प्रांत मोडला. जबलपूर तिकडे राहिलं, आम्ही मुंबईला जोडलो गेलो. नागपूरची राजधानी गेली. कचेऱ्यांतले कागद आणि साहेबलोकांचं सामान ट्रक भरभरून निघालं. मोठ्या माणसांना मोठी दुःखं असतील. आमच्या गल्लीला एवढंच कळलं की आता शर्यत होणार नाही. परवानगी दोन राज्यांची, बंदोबस्त दोन राज्यांचा, कोण करणार? डिसेंबर आला, हरभरा टहाळावर आला, आणि कुणी सायकलची मडगार्ड उतरवली नाहीत. मी त्या वर्षी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते. त्या दुपारी घरी आले आणि उंबऱ्यात उभी राहिले. उमरेड रोडच्या बाजूनं कुणी येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी उभी राहिले.

संक्रांतीनंतर व्यायामशाळेचे चिटणीस घरी आले. म्हातारे पहिलवान होते, आवाज मात्र बारीक. म्हणाले, शर्यत संपली, पण तिचा शेवट नीट व्हायला पाहिजे. दोघांपैकी जो थोर, त्याचा जाहीर सत्कार करायचा, चांदीची ढाल द्यायची आणि व्यायामशाळेच्या भिंतीवर त्याचं नाव दगडात कोरायचं. पण निकालाचे कागद वाळवीनं खाल्ले होते. "पोरी, सगळं तुह्या वहीत आहे म्हणतात. दोघांचा तक्ता मांडून दे. एका बाजूला हा, एका बाजूला तो."

बाबांनी मान डोलावली. त्यांना निकाल ठाऊकच होता. सहा शर्यतींपैकी दोन दादाच्या, दोन उमरेडवाल्यांच्या, उरलेल्या दोन जबलपूरच्या एका रेल्वेतल्या माणसानं जिंकलेल्या. इथवर दोघे सारखे. पण टप्पे दादाचे नऊ आणि त्यांचे चार. उमरेडकडची माणसं म्हणत, "आमचा गडी कधी थांबला नाही." आमची गल्ली म्हणे, "न थांबणं तर बैलालेही येते. जिंकणं पाहा."

मी ट्रेनिंगमध्ये तक्ते करायला शिकले होते. रविवारी दुपारी पाटावर कागद पसरून बसले. टप्पे, शर्यती, कोण कितव्या नंबरावर आला, सगळं मांडलं. मग वाटलं, नुसते टप्पेच कशाला, घाट कोण चांगला चढे तेही मांडू. नागपूरकडून जाताना खवाशाच्या पुढं कुरईचा घाट लागतो. घाटाच्या पायथ्याशी एक चौकी असे, माथ्यावर एक. दोन्ही वेळा माझ्या वहीत होत्या. सहा वर्षांत कुणी त्यांची वजाबाकी केली नव्हती. मीसुद्धा नाही.

दादा पहिल्या वर्षी बेचाळीस मिनिटं. दुसऱ्या वर्षी एक्केचाळीस. मग त्रेचाळीस, मग पुन्हा एक्केचाळीस. पाचव्या वर्षी चौतीस.

मला वाटलं, उतरवताना चुकले. वजाबाकी पुन्हा केली. चौतीसच. उमरेडवाल्यांची पाहिली. ते दर वर्षी चव्वेचाळीसच्या आसपास असत, त्या वर्षी अठ्ठेचाळीस. वारा समोरून होता. सगळेच तीन-चार मिनिटांनी मागं पडले होते. आणि एकटा दादा सात मिनिटं पुढं गेला होता.

त्या सात मिनिटांतून टप्प्याची पाच वजा केली तर काय उरतं आणि शर्यतीची चार वजा केली तर काय उरतं, हे मी कागदावर लिहिलं नाही. ते डोक्यातच झालं. शेजारच्या खोलीत दादाचा माग चालू होता.

मी जाऊन मागापाशी उभी राहिले. दादा खड्ड्यात पाय सोडून बसला होता. हात चालूच.

"दादा, पाचव्या वर्षी कुरईत काय झालं होतं?"

"काय होईन? चढलो."

"चौतीस मिनिटांत?"

धोटा एका बाजूला गेला आणि तिकडेच राहिला. दादानं मान वर केली नाही. ताण्याच्या सुतावरून हात फिरवत राहिला.

"लाकडं भरायले एक रिकामा ट्रक जाऊन राहिला होता," तो म्हणाला. "मांगं साखळी लोंबत होती. मी काही ठरवून नाही धरली वं. वाऱ्यानं जीव नकोसा झाला होता, अन् ती हाताशी आली. म्हटलं, एक वळण. मंग दुसरं आलं."

"कुणी पाह्यलं?"

"त्यानं पाह्यलं. खालच्या वळणावर होता. तिथून वरचा रस्ता दिसते." मग एकदम आवाज चढला. "आता तुले काय करायचं आहे त्याचं? बाबाले सांगतं? जाय, सांग! भिंतीवर लिही!"

तीन दिवस आम्ही दोघे बोललो नाही. बाबा मध्येच विचारत, "झाला का तक्ता?" मी म्हणे, "होऊन राहिला."

त्याच आठवड्यात उमरेडवाले धान्याची गाडी घेऊन इतवारीच्या बाजारात आले. मोकळे होऊन दुपारी आमच्या घरी आले. सत्काराची बातमी त्यांच्या गावी पोचली होती. दादा सूत आणायला गेला होता, माय शेजारी गेली होती, बाबा आत पडले होते. मी ओट्यावर त्यांना पाणी दिलं. गल्ली भरली होती, येणारे-जाणारे रामराम करत होते, म्हणून आमच्या बोलण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"ऐकून राहिले का?" मी म्हटलं. "कुरईच्या घाटात तुम्ही पाह्यलं होतं ना?"

त्यांनी गडू खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायचा त्यांना सरावच नव्हता.

"पाह्यलं."

"मग बोलले काहून नाही? शर्यत तुमची होती."

ते गल्लीकडे पाहू लागले. समोरच्या घरापुढं ताणा ताणून ठेवला होता, लाल-पिवळ्या सुताचा, अख्ख्या गल्लीभर. त्याच्याकडे पाहत राहिले.

"बोललो असतो तं मंग पुन्हा तुमच्या घरी कसा आलो असतो?"

एवढंच बोलले. मी त्या वेळी समजून घेतलं की हे दादाच्या दोस्तीबद्दल आहे. मायच्या भाकरीबद्दल आहे. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "ट्रेनिंग कधी सरते तुमचं?" सहा वर्षं मला "वं बाई" म्हणणारा माणूस पहिल्यांदा "तुमचं" म्हणाला होता. मी म्हटलं, "उन्हाळ्यात." ते म्हणाले, "बेस आहे." आणि उठले. गल्लीच्या टोकाला त्यांचे बैल उभे होते.

आम्ही कोष्टी आणि ते कुणबी. त्या काळी एवढ्यात सगळं आलं. कुणी कुणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता, आणि कुणी विचारलंही नाही.

दादा परत आल्यावर मी त्याला त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं सुताचं ओझं खांद्यावरून उतरवलं आणि भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "तक्ता आण." मी आणला. त्याला वाचता बेताचंच येई. पाचव्या वर्षीची ओळ कुठली, ते विचारलं. मी बोट ठेवलं. "हे तसंच राहू दे," तो म्हणाला. "तू काही खोडू नको. मी पाहतो."

सत्कार व्यायामशाळेच्या अंगणात, चार वाजता. सतरंज्या टाकल्या होत्या, बाया एका अंगाला. उमरेडकडून दोन गाड्या भरून माणसं आली होती. बाबा पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर नेसून, डोळे मिटून. चिटणिसांनी माझा तक्ता वाचायला घेतला. वर्ष पहिलं, वर्ष दुसरं. पाचव्या वर्षाशी आले आणि दादाचं नाव घेतलं, तेव्हा आमच्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत दादा उठला.

"ते वर्ष माह्यं नाही," तो म्हणाला.

लोकांना वाटलं, विनयानं बोलतो आहे. कुणी हसलंही. दादा तसाच उभा. "ट्रकची साखळी धरून चढलो मी कुरईचा घाट. टप्पा त्याचा, शर्यतही त्याची. आता बेरीज करा."

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. पण लोक नुसते बाबांकडे पाहू लागले, ते जास्त कठीण होतं. चिटणीस कागद हातात धरून उभे. शेवटी त्यांनीच मला बारीक आवाजात विचारलं, "पोरी, मंग कसं होते?" आणि मी दोनशे माणसांत उभी राहून सांगितलं. दादाचे टप्पे आठ, शर्यत एक. त्यांचे टप्पे पाच, शर्यती तीन. आकडे मला पाठ होते.

ढाल उमरेडवाल्यांना मिळाली. ती घेताना त्यांचा चेहरा असा होता, जणू कुणी त्यांच्या हातात दुसऱ्याचं लेकरू दिलं आहे. त्यांनी दादाला मिठी मारायला हात पुढं केले. दादानं त्यांचा हात दाबला आणि तो बाबांना उठवायला वळला.

गल्लीनं दादाला पुष्कळ दिवस माफ केलं नाही. ओट्यावरचा वादच मिटला ना. बाबा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस मला म्हणाले, "वाच वं पुन्हा. बदललेलं वाच." मी वाचलं. आठ आणि एक. त्यांनी ते सावकाश दोनदा म्हटलं. पाठ व्हायला वेळ लागला, पण झालं. दादा मात्र हलका झाला होता. मागावर बसून गुणगुणू लागला, आणि दुसऱ्या वर्षी त्याचं लग्न झालं.

उमरेडवाले त्यानंतर एकदाच आले. शर्यत नव्हती, म्हणून आदला दिवसही नव्हता. धान्य आता त्यांचा धाकटा भाऊ आणी. ते आले ते हळदीकुंकवाची बोटं लावलेली पत्रिका घेऊन. मामाच्या मुलीशी लग्न ठरलं होतं. माय म्हणाली, "जेवून जा गा," आणि ते जेवले. वही मागितली नाही. मी कांड्या भरत होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "रस्ता आता लई खराब झाला म्हणतात, खवाशाच्या पुढं." मी म्हटलं, "हो का?" सूत तुटलं होतं, ते जोडायला मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा ते गेले होते.

आता मी हुडकेश्वरला मुलाच्या घरी राहते. गच्चीत उभं राहिलं की दूरवर उमरेड रोडच्या गाड्यांचे आवाज येतात. तेव्हा इथं सगळी शेतं होती. माझं लग्न पुढे झालं, संसार चांगला झाला, त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. पण कधीकधी दुपारी मनात येतं, की त्या दिवशी ओट्यावर मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. काय प्रश्न, तेही मला नीट सांगता येत नाही.

पहिली नोकरी मला देवलापारच्या शाळेत मिळाली. मायला एवढं लांबचं गाव नको होतं, मी मात्र हट्टानं गेले. कामठीचा पूल, मनसरचं वळण, सगळं बसच्या खिडकीतून पाहिलं. देवलापारपर्यंतचा रस्ता त्यांनी सांगितला तसाच निघाला. त्याच्या पुढं हद्द होती. एका रविवारी मी सिवनीच्या बसमध्ये बसले आणि कुरईच्या घाटमाथ्यावर उतरले. कंडक्टर म्हणाला, "इथं कोणाकडं जाता बाई? इथं तं कोणीच नाही." मी म्हटलं, परतीची गाडी किती वाजता? म्हणाला, तीन.

चहाची एक टपरी होती. चहा घेतला आणि घाटाचा रस्ता खाली चालू लागले. घाट मोठा नव्हता. इतक्या वर्षांत माझ्या मनात तो डोंगराएवढा झाला होता, प्रत्यक्षात सागाच्या रानातून वळत जाणारा साधा चढ. पानगळ चालू होती. एका वळणावर थांबून मी मागं पाहिलं, तर वरचा रस्ता खरंच दिसत होता, अगदी स्पष्ट, एखादा माणूस ओळखू येईल एवढा जवळ. सागाची मोठी, वाळकी पानं एकेक करून रस्त्यावर पडत होती आणि प्रत्येक पानाचा आवाज येत होता, कुणी पाऊल टाकावं तसा. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी बराच वेळ ऐकत उभी राहिले. मग खालून एका ट्रकचा हॉर्न आला. तीन वाजत आले होते आणि मला वर पोचायचं होतं. पदर खोचून मी चढ चढू लागले.